मिठाची मागणी

‘किंमत दुप्पट झाली म्हणून कुणी आमटी अळणी खात नाही, आणि निम्मी झाली म्हणून दोन चमचे जास्त घालत नाही. म्हणून मिठाची मागणी अलवचीक,’ सरोजबाई म्हणाल्या. ‘लिहून घे. हा प्रश्न हमखास येतो.’

तुळसाने पेन वहीवर टेकवलं, पण लिहिलं काही नाही. जानेवारीतली दुपार होती. जेवणाच्या टेबलावर बारावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक उघडं होतं आणि ते मिटू नये म्हणून त्यावर चष्म्याचं घर ठेवलं होतं. आतल्या खोलीत सरोजबाईंचे यजमान सुधीरराव झोपले होते. बाईंचा एक कान सतत तिकडे असे.

‘काय गं, समजलं नाही?’

‘समजलं.’ तुळसाने मान वर केली. ‘बाई, मागणी जर कमीच होत नाय, तर आमच्या बाबांचं मिठागर बंद कसं पडलं?’

सरोजबाईंनी तिच्याकडे पाहिलं. डोंबिवलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात त्यांनी बत्तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं होतं. दरवर्षी फळ्यावर जवळजवळ उभी रेघ काढून त्यांनी मिठाचंच उदाहरण दिलं होतं, आणि पोरांनी ते मुकाट्याने उतरवून घेतलं होतं. त्याची कारणं वेगळी असतील, परीक्षेत एवढंच लिहायचं, असं त्या म्हणाल्या. तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला आणि त्या उठून गेल्या. तुळसाने वाक्य पूर्ण लिहून काढलं, खाली पट्टीने रेघ मारली आणि पान उलटलं.

तुळसा चव्वेचाळीस वर्षांची होती. डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अलीकडे तिचं सासर. तिथल्या अंगणवाडीत ती एकोणीस वर्षं मदतनीस होती. सकाळी साडेआठला कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं, सतरंज्या अंथरायच्या, मग घरोघर जाऊन पोरं गोळा करायची. न येणाऱ्यांना कडेवर घेऊन यायचं. खिचडी वाढायची, तोंडं पुसायची, भांडी घासायची. शिकवायचं काम सेविकेचं, म्हणजे गोदाताईंचं. पण गोदाताईंना कधी मीटिंग असायची, कधी सर्व्हे, आणि अलीकडे मोबाइलमध्ये माहिती भरण्यातच त्यांची सकाळ जायची. त्यामुळे गाणी, रंग, अंक, गोष्टी हे सगळं कधीपासून तुळसाच घेत होती. रजिस्टरात मात्र ती मदतनीस होती.

गोदाताई एप्रिलअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी मदतनिशीला घेता येत होतं, पण ती बारावी पास असायला हवी होती. तुळसा दहावीनंतर थांबली होती. गोदाताईंनीच तिला सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे घरी बसून परीक्षा द्यायचा अर्ज, भरायला लावला. तू नाही केलंस तर या खुर्चीवर गावातलं कुणीही येऊन बसेल, असं त्या म्हणाल्या होत्या. ज्या कॉलेजने तिचा अर्ज घेतला तिथे कला शाखेला अर्थशास्त्र सक्तीचं होतं. मराठी, इतिहास, समाजशास्त्र तिने आपलं आपण वाचलं. इंग्रजीची गाईड पाठ केली. अर्थशास्त्राचं पुस्तक मात्र उघडलं की तिला झोप यायची. एकच परिच्छेद ती पाच-पाचदा वाचायची आणि शेवटी उशाशी ठेवून आडवी व्हायची. नवरा गोपीनाथ टेम्पो चालवायचा. त्याने परीक्षेला हरकत घेतली नाही आणि कौतुकही केलं नाही. ‘बघ तुला जमतंय तर,’ एवढंच तो बोलला होता.

सरोजबाईंची गाठ पडली ती सर्व्हेमुळे. गेल्या पावसाळ्यात घरोघरची माणसं लिहून घेताना तुळसा त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दारात उभी राहिली. आत कपाटातल्या पुस्तकांवरची नावं वाचून तिने विचारलं, तुम्ही हे शिकवायच्यात का. बाईंनी हो म्हटलं, घरातल्या दोन माणसांची नावं सांगितली आणि दार लावलं. सुधीररावांना अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मुलगा अपूर्व बंगळूरला नोकरीला होता, फोन रोज करायचा. बाईंना कुणाला शिकवायचं त्राण नव्हतं. गणपतीनंतर तुळसा पुन्हा आली, तेव्हाही त्यांनी नाहीच म्हटलं. दसऱ्याच्या आधी ती तिसऱ्यांदा आली आणि काही न बोलता नुसती दारात उभी राहिली. तेव्हा बाई म्हणाल्या, मंगळवार आणि शुक्रवार, तीन ते चार. फी घेणार नाही, पण दांडी चालणार नाही.

तुळसाने एकही दांडी मारली नाही. ती यायची ती दमूनच. कपाळावरचं कुंकू घामाने पसरलेलं असे. बाईही दमलेल्याच असत. दोघी टेबलाशी समोरासमोर बसत आणि पहिली पाच मिनिटं नुसता पंख्याचा वारा घेत.

घटत्या उपयोगितेचा नियम तिला चटकन कळला. बाई सफरचंदाचं उदाहरण देत होत्या. तुळसा म्हणाली, पोषण आहाराचा लाडू वाटला की पहिल्यावर पोरं झडप घालतात, दुसरा हळूहळू खातात, आणि तिसरा दिला तर खिशात कोंबून घरी नेतात. बाईंना हसू आलं. तेच लिही, त्या म्हणाल्या, सफरचंद राहू दे. निर्देशांकाची गणितं मात्र तिला जमेनात. छेद आणि अंश तिच्या हातून उलटेपालटे व्हायचे. एक गणित चौथ्यांदा चुकलं तेव्हा ती वही मिटून नुसती बसून राहिली. बाईंनीही तिला वही उघडायला सांगितलं नाही. त्या दिवशी दोघींनी खिडकीतून समोरच्या इमारतीला चाललेला रंग बघितला आणि चार वाजता तुळसा उठून गेली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका शुक्रवारी तुळसा आली तर दार उघडंच होतं. सुधीरराव पलंगावरून अर्धे घसरले होते आणि बाई त्यांना काखेत धरून वर ओढत होत्या. तुळसाने पिशवी टाकली, सुधीररावांच्या पाठीखाली हात घातला आणि पोराला उचलावं तसं एका दमात त्यांना वर घेतलं. चादर सारखी केली, उशी लावली, ओठांच्या कडेची लाळ पुसली. सुधीररावांनी डोळे मिटून घेतले. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि सवयीने ओट्यावरच्या चहाच्या कपांना हात घातला. सरोजबाई मागून आल्या आणि त्यांनी तिच्या हातातला कप काढून घेतला.

‘ते ठेव,’ त्या म्हणाल्या. ‘तू इथं शिकायला येतेस.’

त्या दिवशी पुस्तक उघडायला उशीर झाला. पुस्तकाकडे न बघता त्या बोलू लागल्या. तुळसाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं, आणि ते त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. त्यांनी विचारलं, मिठागर कुठे होतं, कुणाचं होतं.

तुळसाने सांगितलं. तिचं माहेर ठाण्याला, पूर्वेच्या बाजूला खाडीला लागून. मिठागर शिलोत्र्याचं, म्हणजे ठेका घेणाऱ्याचं. तिचे बाबा आनंदा तिथे मजूर. पण घरात सगळे ‘आपलं मिठागर’ असंच म्हणायचे. दिवाळीनंतर बांध घालायचे, भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हाने ते आटत आलं की पायांनी वाफे चोपायचे. मे महिन्यापर्यंत मिठाच्या राशी उभ्या राहायच्या. तुळसा आठ-नऊ वर्षांची असताना आईबरोबर डोक्यावरून मीठ वाहायची. मग व्यापारी येईनासे झाले. एका वर्षी रास तशीच राहिली. बाबांनी ती गवताने शाकारली, म्हणाले दसऱ्यानंतर उचलतील. पावसाळ्यात गवत कुजलं आणि रास बसत बसत गेली. दसऱ्याला तिथे नुसता पांढरट चिखल होता. पुढच्या हंगामात शिलोत्र्याने बांध घातलेच नाहीत. बाबा तरी दिवाळीनंतर रोज सकाळी तिकडे जाऊन बसायचे.

सरोजबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी वही ओढली आणि दोन रेघा काढल्या, एक उभट आणि एक आडवी.

‘ही उभी रेघ म्हणजे सगळ्या देशातलं मीठ. त्याची मागणी कमी होत नाही, हे खरं. पण ही आडवी रेघ एका मिठागराची. गुजरातचं मीठ चार पैशांनी स्वस्त मिळालं की व्यापारी तिकडे जाणार. त्याच्या दृष्टीने मीठ ते मीठ, सगळं सारखंच. लोकांना मीठ लागतंच होतं, तुळसा. तुझ्या बाबांचंच पाहिजे असं कुणाला नव्हतं.’

तुळसा त्या आडव्या रेघेकडे बघत राहिली.

‘बाबा बोलायचे, आपलं मीठ जाड दाण्याचं,’ ती म्हणाली. ‘मासे खारवायला तसं कुठं मिळणार नाय.’

‘असेल,’ बाई म्हणाल्या. ‘पण घेणाऱ्याला तसं वाटायला हवं.’

तुळसाने मान हलवली. थोड्या वेळाने तिने विचारलं, हे परीक्षेत लिहिलं तर चालेल का. बाई विचार करून म्हणाल्या, पुस्तकातलं आधी लिही, जागा उरली तर हे लिही. मग आतून हाक आली. नीट शब्द नव्हता, नुसता आवाज. दोघी एकदमच उठल्या.

परीक्षेचं केंद्र डोंबिवली पूर्वेच्या एका शाळेत होतं. पहिल्या दिवशी फाटकावरच्या माणसाने तिला पालक समजून बाहेरच थांबवलं. तिने हॉलतिकीट दाखवलं, तेव्हा तो ओशाळून बाजूला झाला. वर्गात तिच्या पुढे-मागे सतरा वर्षांच्या पोरी. बाकाची फळी तिच्या पोटाला लागत होती. अर्थशास्त्राच्या पेपरला लवचीकतेचा प्रश्न आला. तिने पुस्तकातलं लिहिलं, मीठ, काडेपेटी, औषध, आणि खाली पाच ओळी एका मिठागराच्या मागणीबद्दल लिहिल्या. बाबांचं नाव घातलं नाही. निर्देशांकाचं गणित तिने सोडवलं, खोडलं, पुन्हा सोडवलं. बाहेर आली तेव्हा तिची बोटं वळत नव्हती. घरी जाऊन तिने भाताचा कुकर लावला आणि शिटी व्हायच्या आत भिंतीला टेकून झोपली. गोपीनाथने उठून गॅस बंद केला.

एप्रिलच्या शेवटी गोदाताई निवृत्त झाल्या. त्यांनी पोरांना पेढे वाटले, तुळसाच्या ओटीत नारळ घातला आणि चाव्यांचा जुडगा तिच्या हातात दिला. त्यानंतर चार-पाच दिवसांनी कल्याणच्या बालविकास ऑफिसातून जागेची जाहिरात निघाली. आणि त्यानंतर चार दिवसांनी बारावीचा निकाल लागला. तुळसा पास झाली. अर्थशास्त्रात शंभरपैकी एकेचाळीस.

ती सगळ्यात आधी सरोजबाईंकडे गेली. बाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून सगळे विषय वाचले, मग पुन्हा वाचले. आत जाऊन सुधीररावांना मोठ्याने सांगितलं, ही तुळसा पास झाली. सुधीररावांनी चालता हात पांघरुणातून बाहेर काढला आणि थोडासा उचलला. तुळसाने वाकून त्या हाताला हात लावला.

दुसऱ्या दिवशी ती अर्ज घेऊन कल्याणला गेली. टेबलापलीकडच्या बाईंनी गुणपत्रिका पाहिली, जाहिरात पाहिली, मग पुन्हा गुणपत्रिका. त्या वाईट बोलल्या नाहीत. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि समजावलं. पात्रता जाहिरातीच्या तारखेला पूर्ण असायला हवी. त्या तारखेला ती बारावी पास नव्हती. मदतनिशींमधून पात्र कुणी नाही म्हणून जागा बाहेरून भरली जाईल.

‘चार दिवस, मॅडम,’ तुळसा म्हणाली.

‘चार असो की चाळीस,’ त्या बाई म्हणाल्या. ‘मला वर उत्तर द्यावं लागतं. तुमची जागा जात नाही, मदतनीस तुम्ही आहातच. पुढे जवळपास कुठे जागा निघाली तर तुमचा अर्ज धरू.’

तुळसाने विचारलं, कधी निघेल. मॅडमनी यादी काढून पाहिली. शेजारच्या दोन्ही सेविका चाळिशीच्या आतल्या होत्या. त्यांनी यादी मिटली. तुळसाने गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत परत घातली. जाहिरातीची तारीख कुणी ठरवली, ते तिने विचारलं नाही. घरी गोपीनाथने विचारलं. त्याला ठाऊक होतं की गावातल्या मोठ्या घरची नवीन सून बी.ए. आहे आणि तिने अर्ज भरलाय. सासऱ्याच्या जमिनीवर चार इमारती उभ्या आहेत, तिला काय करायचीय ही नोकरी, असं तो बराच वेळ बोलत होता. तुळसा तांदूळ निवडत होती. तिला राग यावा अशी तिची इच्छा होती, पण तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती.

सरोजबाईंना तिने मंगळवारी तीन वाजता जाऊन सांगितलं. बाई संतापल्या. वर पत्र लिहू, मी मजकूर करून देते, असं म्हणत त्यांनी कागदही काढला. दोन ओळी लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं.

‘मी तुला आधी विचारायला हवं होतं, जागा कधी निघणार, निकाल कधी,’ त्या म्हणाल्या. ‘मी नुसतं पुस्तक शिकवत बसले.’

‘तुम्ही काय करणार, बाई. मलाच ठाऊक नव्हतं.’ मग तुळसा, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगतेय अशी, म्हणाली, ‘अंगणवाडीला बाई लागतेच. तुळसाच पाहिजे असं कुणाला नाय.’

सरोजबाईंनी कागद बाजूला सारला. उठून त्यांनी चहा टाकला. जाताना तुळसा म्हणाली, आता मंगळवार-शुक्रवार मोकळेच झाले. बाई म्हणाल्या, तरी येत जा. पत्र त्यांनी त्या रात्री पूर्ण केलं आणि पाठवलंही. त्याचं उत्तर आलं नाही.

जूनच्या अखेरीस त्या मोठ्या घरची सून दिशा रुजू झाली. सव्वीस वर्षांची, अंगाने बारीक, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी ती तुळसाच्या पाया पडायला वाकली. तुळसाने तिला मधेच धरलं. दिशाने खरं ते सांगून टाकलं, ‘काकू, मला घरात बसून वेड लागायला आलेलं. मी सासऱ्यांना बोलले, मला काहीतरी करू द्या. तुमचं मला नंतर समजलं, खरंच.’

तुळसाला ते खरं वाटलं. तिने चाव्यांचा जुडगा दिशाच्या हातात दिला. तांदूळ कुठे, औषधाच्या बाटल्या कुठे, कुठल्या घरचं पोर भूक लागली तरी बोलत नाही, कुणाला सकाळी आणायला दोनदा जावं लागतं, कुणाचा बाप घरी असला की पोर येत नाही, हे सगळं सांगितलं. दिशा वहीत लिहून घेत होती. मग पोरं आली. दिशा खुर्चीवरून उठून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि आपलं नाव सांगितलं. पोरं तिच्या मागे बघत होती, दाराशी, तुळसा उभी होती तिकडे. दिशाने एक गाणं सुरू केलं. पोरांना ते येत नव्हतं. दोन ओळींनंतर तिचाही आवाज बसला.

‘काकू, आज तुम्हीच घ्या ना,’ ती हळूच म्हणाली.

‘नाय,’ तुळसा म्हणाली. ‘तुलाच घ्यायचंय. त्यांना जरा वेळ लागेल. चित्रं काढायला दे, तोवर नावं पाठ कर.’

दिशाने कागद आणि खडू वाटले. तुळसा मागच्या पडवीत जाऊन डाळ धुवू लागली. थोड्या वेळाने पावलं वाजली. चार वर्षांची एक पोर कागद घेऊन आली होती. कागदावर हिरव्या खडूने काहीतरी गोल काढलं होतं, त्याला पाय होते. बघ, असं म्हणत तिने तो तुळसाच्या तोंडासमोर धरला.

तुळसाने हात पदराला पुसले. कागद तिने हातात घेतला नाही. पोरीच्या दोन्ही खांद्यांना धरून तिने तिला हलकेच मागे वळवलं, दिशा बसली होती त्या बाजूला, आणि म्हणाली, ‘आधी ताईंना दाखव.’

पोर दोन पावलं गेली आणि थांबून मागे बघू लागली. तुळसाने मान हलवली, जा म्हणून. ती जाईपर्यंत तुळसा तशीच उभी राहिली, आणि मग डाळीचं पाणी बदललं.